निपाणीपुढच्या घाटातले ब्याऐंशी

माझी मोटार वेगात धावते असा आरोप तिच्यावर कोणी करील, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यामुळे अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत, निपाणीच्या पुढचा घाट उतरल्यावर कर्नाटकच्या हवालदारांनी हात दाखवून मला थांबवलं, तेव्हा मी काच खाली केली (म्हणजे ती खाली पडली) आणि आपुलकीने विचारलं, "काय झालं हवालदारसाहेब? पुढे रस्ता बंद आहे का?"

"ब्याऐंशी," हवालदार म्हणाले.

मला वाटलं, मागे बसलेल्या आमच्या सासूबाईंच्या वयाचा ते अंदाज बांधताहेत. सासूबाईंनाही तेच वाटलं. "आरं, साठ बी न्हाई झाली मला अजून!" असं म्हणून त्यांनी डोक्यावरचा पदर असा काही ओढला की हवालदार एक पाऊल मागे सरले. मग त्यांनी समजावून सांगितलं. वर वळणावर त्यांचा एक माणूस उभा होता, खाली पुलाजवळ दुसरा. मधलं अंतर मोजलेलं, दोघांच्या हातात घड्याळं. आमची गाडी ताशी ब्याऐंशी किलोमीटर वेगाने खाली आली होती आणि घाटातली मर्यादा होती चाळीस.

मी हसलो. तिथे हसायला नको होतं हे मला नंतर कळलं.

माझी गाडी कशी आहे ते सांगितलं पाहिजे. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही. त्यांनी ती बनवली तेव्हा चांगलीच बनवली असणार. पुढच्या सव्वीस वर्षांत आणि पाच मालकांच्या हातून तिचं जे झालं त्याला ते बिचारे काय करणार? वेगाचा काटा तिसऱ्या मालकाच्या कारकिर्दीतच निवर्तला. वेग मी आवाजावरून ओळखतो. वीसला दारं बोलू लागतात, पंचविसाला मडगार्ड, तिसाला डिकी आणि पस्तिसाला शाहजादी, म्हणजे आमची बायको. पस्तिसाच्या पुढे काय होतं ते मला माहीत नव्हतं, कारण पस्तिसाला शाहजादी बोलू लागली की मी वेग कमी करतो.

त्या दिवशी मात्र सगळंच गप्प होतं. बेळगावला साडूच्या मुलीचं लग्न होतं आणि आहेराच्या दोन गाद्या आम्ही मागच्या सीटवर अशा ठासून भरल्या होत्या की दारांना हलायला जागाच उरली नव्हती. शाहजादी आणि सासूबाई त्या गाद्यांवर पाय वर घेऊन बसल्या होत्या. शाहजादीला झोप लागली होती. आणि इंजिन मी बंद केलेलं होतं. उतार लागला की इंजिन बंद करायचं आणि गाडी न्यूट्रलवर सोडायची, हा माझा नेम आहे. देवाने उतार फुकट दिलेला असताना पेट्रोल जाळणं मला कृतघ्नपणाचं वाटतं. तेव्हा गाडी शांतपणे खाली सरकत होती, झाडं जरा लगबगीने मागे जात होती एवढंच. आवाज नाही म्हणजे वेग नाही. मी मनाशी पंधराचा अंदाज केला होता.

"हवालदारसाहेब," मी म्हणालो, "माझं इंजिन बंद होतं. मी गाडी चालवतच नव्हतो. ती आपली आपण आली."

हवालदारांनी वहीत आणखी तीन ओळी लिहिल्या. मग वही माझ्यापुढे धरली. मजकूर सगळा कानडीत.

इथे माझ्या हातून जी चूक झाली ती फक्त सरकारी कारकुनाच्याच हातून होऊ शकते. मी, हाफीज आतार, तेवीस वर्षं सरकारी नोकरी करतो आहे. सध्या पौडच्या पंचायत समितीत हेडक्लार्क. माझ्यापुढे कागद आला की हात खिशातल्या पेनाकडे जातो. त्यात डोक्याचा काही संबंध नसतो. मी कागदावर झोकात सही केली, खाली तारीख टाकली, आणि वर नेहमीच्या वळणदार अक्षरात शेरा मारला : "तपासले. बरोबर आहे. पुढील कार्यवाहीस्तव सादर."

हवालदारांनी तो शेरा दोनदा वाचला आणि मला सलाम केला. मला वाटलं, प्रकरण मिटलं.

फेब्रुवारीत पौडच्या पोलीस ठाण्यातले हवालदार समन्स घेऊन आले. घरी आले असते तर बरं झालं असतं. ते कचेरीत आले, मंगळवारी, आणि पंचायत समितीत मंगळवारी सगळ्या गावांचे सरपंच येतात. समन्स कानडीत होतं. बँकेत धारवाडहून बदलून आलेले एक कट्टी म्हणून कॅशियर होते, त्यांना बोलावून आणलं. कट्टींनी चष्मा पुसला, घसा साफ केला आणि सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. वाचताना 'ब्याऐंशी' या शब्दावर त्यांनी उगाचच जोर दिला.

मी मान खाली घातली. बदनामी म्हणतात ती हीच असं मला वाटलं. पण तेवढ्यात रिहे गावचे सरपंच हैबतराव खुर्चीवरून उठले, माझ्याजवळ आले आणि त्यांनी मला मिठी मारली.

"ब्याऐंशी!" ते म्हणाले. "भाऊसाहेब, आजवर बोलला न्हाईत!"

हैबतरावांची ओळख करून देणं भाग आहे. रिह्याच्या खोऱ्यात त्यांचा भात पिकतो, पण त्यांचा जीव भातात नाही, बैलांत आहे. मुळशी-मावळात यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होतात. एक गाडा धावला की त्याला एक बारी म्हणतात, आणि ती किती सेकंदांत झाली हे हैबतराव गळ्यातल्या थांबघड्याळावर बघतात. तालुक्यात त्यांच्या घड्याळाला कोणी आव्हान देत नाही. माणसाची किंमतसुद्धा ते सेकंदातच करतात. माझ्याबद्दल त्यांचं मत इतकी वर्षं काय असेल ते मी कधी विचारलं नव्हतं.

"आपल्या पौडाची गाडी दुसऱ्या राज्यात गेली," ते सरपंचांकडे वळून म्हणाले, "आन् पळती म्हनून धरली! आपल्या मानसाला धरायला त्यांना दोन घड्याळं लागली. दोन!"

त्या दिवसापासून मला बाजारात चहाचे पैसे द्यावे लागले नाहीत. नांद्याहून आलेल्या एका अनोळखी गृहस्थांनी माझ्या गाडीच्या बॉनेटला हात लावून तो कपाळाला लावला. भाजीवाल्या रंभाबाई म्हणाल्या, "दिसतंय का बघा ह्यांच्या त्वांडावर!" हे सगळं ऐकायला बरं वाटत होतं हे मी नाकारत नाही. पण रात्री अंथरुणावर पडलो की झोप यायची नाही, आणि त्याला कारण सोमनाथ.

सोमनाथ ओव्हाळ आमच्याच गल्लीत राहतो. शाळेत शिपाई असलेल्या बापाने पोटाला चिमटा घेऊन शिकवलेला, आणि आता मोटार विम्याचा एजंट. पौडमध्ये मोटारी नऊ, त्यामुळे त्याच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकासाठी भरपूर वेळ असतो. त्याने समन्स उलटसुलट बघितलं आणि डॉक्टर एक्स-रे बघून करतात तसा चेहरा केला.

"भाऊसाहेब, शिक्षा झाली तर तिथलं कोर्ट लायसन मागवून घेतं. त्यावर लाल शाईनं नोंद मारतं. आणि पुण्याच्या मोटार कचेरीला कळवतं. लायसन काही दिवस बंदही ठेवू शकतात."

"पण गुन्हा कर्नाटकात, लायसन महाराष्ट्राचं!"

"लायसन देशभर चालतं ना? मग गुन्हाही देशभर चालतो."

"आणि विमा?"

"तुमचा विमा मार्चअखेर संपतो. लाल नोंद दिसली की कंपनी तुमची सवलत काढून घेणार. एवढी जुनी गाडी, त्यात असा ड्रायव्हर म्हटल्यावर विमाच नको म्हणाली तर मी काही करू शकत नाही. आणि विम्याशिवाय गाडी दारातून हलवायची नाही."

"लायसन बंद झालं तर पुन्हा देतात ना?"

"देतात की. पुन्हा परीक्षा घेऊन."

परीक्षा! त्या परवान्यासाठी मी सात वेळा परीक्षा दिली होती. पहिल्या वेळी खुंट्या पाडल्या. दुसऱ्या वेळी खुंट्या वाचवताना परीक्षकांची सायकल पाडली. चौथ्या वेळी मी उलटा जायच्या ऐवजी सरळ गेलो आणि बराच वेळ परत आलो नाही. सातव्या वेळी पास झालो तेव्हा परीक्षकांची बदली होती आणि ते कोणालाच नापास करायच्या मनःस्थितीत नव्हते. मी एक्कावन्न वर्षांचा माणूस. माझ्याजवळ मॅट्रिकचं सर्टिफिकेट आहे, नोकरीचा आदेश आहे, निकाहनामा आहे. पण या इसमाला अमुक एक गोष्ट करता येते असं सरकारने लिहून दिलेला कागद एकच, तो परवाना. तो गेला तर आठव्यांदा मिळणार नाही याची मला, शाहजादीला आणि त्या परीक्षकांना सारखीच खात्री होती.

मग सल्ले सुरू झाले. आमच्या गल्लीत सल्ल्याला तोटा नाही. किराणा दुकानाचे बाबालाल म्हणाले, "आपण निपाणी आपली म्हणतो का नाही? एवढी वर्षं सीमेचा वाद चाललाय. मग त्यांच्या पोलिसाला तिथं आपल्या माणसाला धरायचा हक्कच काय? समन्स परत पाठवा. लिहा, आम्हाला तुमची हद्दच मान्य नाही."

मला हे फार आवडलं. एका फटक्यात परवानाही वाचत होता आणि महाराष्ट्राची बाजूही मांडली जात होती. मी मसुदा करायला घेतला. दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आलो तेव्हा सोमनाथ म्हणाला, "भाऊसाहेब, निपाणी आपली ठरली तर गुन्हा महाराष्ट्रात झाला असं होईल. मग नोंद आणखीच लवकर होईल." मी मसुदा फाडला. सीमाप्रश्नाचं जे काही व्हायचं ते माझ्यावाचून होवो.

मी पुण्याला मोटार कचेरीत गेलो. तिथे एका सभ्य गृहस्थांनी सांगितलं, तिकडून कळवलं गेल्याशिवाय आम्ही काहीच करत नाही, आणि कळवलं गेल्यावर आम्हाला काही करता येत नाही. त्यांच्या बोलण्यात मला एकही चूक काढता आली नाही. मी स्वतः तेवीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो आहे. परतीच्या एस.टी.त मला त्या सगळ्या लोकांचे चेहरे आठवत राहिले आणि फार वाईट वाटलं.

कोर्टात काय सांगायचं याचाही विचार झाला. इंजिन बंद होतं हे सांगावं तर सोमनाथ म्हणाला, घाटात गाडी न्यूट्रलवर सोडणं हा वेगळा गुन्हा आहे, आणि तो तुम्ही आपणहून लिहूनही दिलाय. शाहजादीला साक्षीदार करावं तर ती म्हणाली, "मी खरं तेच सांगणार. गाडी पळत होती का नव्हती, मला ठाऊक नाही. मी पहिल्यांदाच तुमच्या गाडीत शांत झोपले होते."

शेवटी तोड सोमनाथनेच काढली. मोटार कचेरीचे इन्स्पेक्टर महिन्यातून एकदा पौडला कॅम्पला येत. ही गाडी पन्नासच्या वर जाऊच शकत नाही असा त्यांचा दाखला मिळवायचा. तो कोर्टात जोडला की ब्याऐंशीचा आकडा आपोआप खोटा पडतो. उताराचा प्रश्न कोणी काढलाच तर बघू.

मी इन्स्पेक्टरसाहेबांना अर्ज केला. ते वयस्क, थकलेले आणि कायद्याने चालणारे गृहस्थ होते. त्यांनी मान्य केलं, पण अट घातली. वेगाचा काटा मेलेला, तेव्हा किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत घड्याळ लावून मोजायचं. आणि गाडीत त्या दिवशी होता तेवढाच बोजा पाहिजे. "कोण कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कुटुंब, सासूबाई आणि दोन गाद्या."

"मग त्या सगळ्या हजर ठेवा," ते म्हणाले, आणि तसं लिहून घेतलं.

ही बातमी मी सोमनाथशिवाय कोणाला सांगितली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती मुळशी तालुक्याला माहीत होती. मात्र वाटेत तिच्यात एक फरक पडला. गाडी हळू चालते हे सिद्ध करायचं आहे, हे कोणाच्या डोक्यात शिरेचना. आपली गाडी हळू आहे असं आपणच सरकारला दाखवायचं, असा माणूस तालुक्यात आजवर झालेला नव्हता. लोकांनी सरळ अर्थ काढला की कर्नाटकने ब्याऐंशी सांगितले त्यावर पुण्याच्या सायबाचा विश्वास बसत नाही आणि तो आता स्वतः बघायला येतोय.

मी हैबतरावांना परोपरीने समजावलं. "हैबतराव, गाडी हळू गेली पाहिजे. हळू गेली तर मी सुटतो."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बारीच्या आधी समद्यांना असंच होतंय, भाऊसाहेब. त्वांडाला कोरड पडतीय, वंगाळ इचार येत्यात. तुमी कायबी काळजी करू नगा."

चाँदभाईचं तर विचारूच नका. चाँदभाई आमचा मेकॅनिक, बाजाराच्या टोकाला त्याची शेड. त्याला मी दाखल्याचं सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. "भाऊसाहेब, बारा वर्सं गाडी माझ्या हाताखाली. आन् तुमी सायबाकडनं लिवून घेनार की ती पळत न्हाई? मग लोकं मला काय म्हनतील?" एवढं बोलून त्याने माझ्या हातातली किल्ली काढून घेतली आणि गाडी शेडमध्ये नेली. चार दिवस त्याने मला आत पाऊल टाकू दिलं नाही. पाचव्या दिवशी गाडी बाहेर आली तेव्हा दारं बोलत नव्हती. मडगार्डही गप्प होतं.

"एक इचारू का भाऊसाहेब?" चाँदभाई म्हणाला. "ह्यो चौथा गेर तुमी कवाच टाकला न्हाई का?"

"नाही."

"का वो?"

का म्हणजे, मला कोणी शिकवलाच नव्हता. मला गाडी शिकवली ती बाजारपेठेत, आणि तिथे तिसऱ्याच्या पुढे जायला जागा नव्हती. परीक्षेतही कोणी मागितला नाही. चौथा गिअर लांब पल्ल्याच्या लोकांसाठी असतो अशी माझी समजूत होती.

"गंजून बसला व्हता बिचारा," चाँदभाई हळहळला. "मोकळा केलाय आता."

कॅम्पचा दिवस उजाडला. पौडाहून भुकूमकडे जाताना एक सरळ, सपाट पट्टा लागतो. त्या पट्ट्याच्या दोन्ही अंगाला सकाळी आठपासून माणसं उभी होती. गाडीला हार घातला होता, चाकांवर नारळ फुटले होते, आणि बॉनेटवर बैलांच्या पाठीवर टाकतात तसा भंडारा उधळला होता. इन्स्पेक्टरसाहेबांच्या पांढऱ्या शर्टावरही थोडा गेला. त्यांनी फक्त वहीत काहीतरी लिहिलं. मागे गाद्या, गाद्यांवर शाहजादी आणि सासूबाई ताजबी. पुढे मी आणि साहेब. सुरुवातीच्या दगडाशी हैबतराव रुमाल घेऊन उभे. त्यांचं थांबघड्याळ साहेबांनी तपासून आपल्या हातात घेतलं होतं आणि हैबतरावांना त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

हैबतरावांनी रुमाल टाकला. मी निघालो.

मी माझ्या नेहमीच्या पद्धतीने निघालो. पहिला, दुसरा, तिसरा, आणि तिसऱ्यावर स्थिर. दोन्ही बाजूंनी आरडाओरडा चालला होता, "हाऽऽ भाऊसाहेब! हाऽऽ!" मी कानांवर घेतलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे परवाना होता. दुसरा दगड आला. साहेबांनी घड्याळ दाबलं.

"पंच्याण्णव सेकंद," ते म्हणाले. त्यांनी वहीत गणित केलं. "म्हणजे अडतीस. दोनदा बघायचा नियम आहे, नाहीतर आत्ताच दाखला दिला असता."

मी सुटलो होतो! परवाना वाचला, विमा वाचला. आता फक्त परतीची एक फेरी, तशीच, आणि मग आयुष्यभर तिसरा गिअर. पण गाडी वळवताना मी लोकांकडे बघितलं. कोणी ओरडत नव्हतं. भंडारा हातात घेतलेली माणसं तो हळूच पिशवीत परत टाकत होती. चाँदभाई रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून मातीत रेघा ओढत होता. पलीकडच्या टोकाला हैबतराव रुमाल घडी करत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतीला मी नुकताच तिसरा टाकला होता, मोजणीचा दगड अजून पुढे होता, तेवढ्यात उजवीकडून सायकलची घंटी वाजली. नथू गवळी. मागे दोन भरलेले कॅन, तोंडात विडी. तो आमच्या बरोबरीला आला, आत डोकावला आणि अगदी मनापासून म्हणाला, "भाऊसाहेब, ढकलू का जरा?"

आणि पुढे निघून गेला.

साहेब हसले. वाईट हसू नव्हतं ते; थकलेल्या माणसाला बऱ्याच दिवसांनी हसू येतं तसं आलं. पण मागून सासूबाईंचा आवाज आला. "शाहजादी, तुज्या बापाला मी तवाच म्हनलं हुतं. पोरगा चांगला हाय, पर लई सावकाश हाय."

सव्वीस वर्षं झाली लग्नाला. सव्वीस वर्षांत ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. मी आरशात शाहजादीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली. 'तसं नाही' एवढं म्हणाली असती तरी पुरलं असतं मला.

माझा पाय कधी दाबला गेला ते मला आठवत नाही. हात गिअरवर गेला, तिथे आजवर कधी गेला नव्हता त्या बाजूला त्याने दांडा ओढला, आणि चाँदभाईने मोकळा केलेला चौथा गिअर लोण्यात सुरी जावी तसा बसला. गाडीने एक श्वास घेतला. मग ती निघाली.

नथू मागे गेला. झाडं मागे गेली. मोजणीचा दगड आला. साहेबांनी एका हाताने दाराची कडी धरली, पण दुसऱ्या हाताने घड्याळ दाबलं. माणूस खरंच कायद्याचा होता. "हाऽऽऽ" असा एक आवाज रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमच्याबरोबर पळत होता. गाडीचा हार तुटून काचेवरून वर गेला. सासूबाई ओरडत होत्या, पण "थांबव" नव्हे. "हाण!" म्हणून ओरडत होत्या.

शेवटचा दगड ओलांडल्यावर गाडी थांबायला बरंच अंतर लागलं. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, पुसून पुन्हा पाहिलं. बेचाळीस सेकंद. लोक धावत येत होते, पण अजून लांब होते.

साहेबांनी वही मिटली. "आतारसाहेब," ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्या निवृत्तीला पाच महिने राहिलेत. जाताना पहिली बारी मी नीट बघितली. येताना माझ्या डोळ्यात भंडारा गेला होता. अडतीस लिहू का? तुम्ही सुटाल."

अडतीस! तोंडात साखर पडली म्हणतात ती हीच. मला फक्त मान हलवायची होती. तेवढ्यात हैबतराव सगळ्यांच्या पुढे धावत पोचले, साठीचा माणूस, धाप लागलेली, फेटा सुटलेला. त्यांनी खिडकीत डोकं घातलं. काच खाली करायची गरजच नव्हती, ती कधीच पडलेली होती.

"किती?" ते एवढंच बोलले.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मागे शाहजादी पुढे सरकून ऐकत होती.

"बेचाळीस सेकंद," मी म्हणालो. "साहेब, गणित तुम्ही करा. आणि होईल तेच लिहा."

गणित शहाऐंशी आलं. साहेबांनी तेच लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि मला दाखल्याची नक्कल दिली. लोकांनी मला गाडीतून उचलून खांद्यावर घेतलं आणि साहेबांनाही. चाँदभाई रडत होता. सासूबाईंना कोणी खाली उतरवेना म्हणून त्या तशाच गादीवर बसून सगळ्यांचे सलाम घेत होत्या. शाहजादी माझ्या शर्टावरचा भंडारा झटकत म्हणाली, "एवढी घाई कशाची होती?" पण ती हसत होती, आणि झटकलेला भंडारा तिने कपाळाला लावून घेतला.

कोर्टाला मी टपालाने गुन्हा कबूल केला. परवाना तीन महिने बंद झाला आणि परत आला तेव्हा त्यावर कानडीत लाल शाईची नोंद होती. कट्टींनी ती मला वाचून दाखवली, मग मी त्यांना आणखी चार जणांसमोर वाचायला लावली. परीक्षा द्यावी लागली नाही. विम्याची सवलत मात्र गेली. सोमनाथने नव्या विम्याचा अर्ज आणून माझ्यापुढे ठेवला आणि खालमानेने म्हणाला, "भाऊसाहेब, सातव्या रकान्यात विचारलंय, वाहन चालवताना काही शिक्षा झाली आहे का. असल्यास तपशील द्या. थोडक्यात उरका."

मी पेन उघडलं. तपशिलासाठी त्यांनी दीड ओळ जागा ठेवली होती. ती मला पुरली नाही. मी वेगळा कागद जोडला.